उरकुडे काकांचा राहून गेलेला निरोप

आमच्या दवाखान्यात कोणी निवृत्त झालं किंवा कोणाची बदली झाली, की नारळ आणायला कोणीही जात असे. पण तो हलवून पाहायचा मान उरकुडे काकांचा. नारळ कानाशी धरून, डोळे मिटून ते असा काही हलवायचे, की आत पाणी किती आहे यापेक्षा त्या माणसाचं पुढचं आयुष्य कसं जाणार तेच ऐकून घेताहेत असं वाटावं. मग डोळे उघडून म्हणायचे, "हा नाई जमत. बदलवून आणा." अँब्युलन्सचा ड्रायव्हर कुरकुरत पुन्हा बाजारात जायचा. ज्याला निरोप द्यायचा तो बिचारा गळ्यात हार घालून खुर्चीत ताटकळत बसलेला असायचा.

देवराव उरकुडे आमच्या ग्रामीण रुग्णालयात लॅब टेक्निशियन होते आणि मी तिथे स्टाफ नर्स. गावाचं नाव लिहीत नाही. वर्धा जिल्ह्यात कोणाचंही नाव घ्या, तो कोणाचा तरी सोयरा निघतो, आणि मला अजून नोकरी करायची आहे. काका मूळचे आंजीचे. कोणी नुसतं "आंजी" म्हटलं की ते ताबडतोब "मोठी" असं जोडत, जणू ती मोठी यांनीच केली. अंगाने बुटके, गोल. पँट पोटाच्या वर बांधलेली. खिशात तीन पेनं, आणि लिहायचं झालं की माझं मागायचे.

काम त्यांचं रक्त, लघवी, थुंकी तपासायचं. पण दवाखान्यात त्यांची खरी ओळख होती ती निरोप समारंभाची. खुर्च्या कुठे लावायच्या, शाल कोणी द्यायची, कोणी आधी बोलायचं, हे सगळं ते ठरवत. आणि शेवटचं भाषण त्यांचं. ते भाषण एकच होतं. पहिलं वाक्य, "आज आनंदाचा दिवस हाये आणि दुःखाचाबी." दुसरं, "यायच्यासारखा माणूस होणे नाई." तिसरं, "यायच्या जाण्यानं या दवाखान्याचा कणा मोडला." तिसऱ्या वाक्याला काकांना हुंदका येई. न चुकता येई. आमच्या दवाखान्याचा कणा दर वर्षी दोन-तीनदा तरी मोडायचा, आणि दुसऱ्या दिवशी ओपीडी वेळेवर सुरू व्हायची.

एकदा तर एक तरुण डॉक्टर पंधरवड्याच्या प्रशिक्षणाला निघाले होते. काकांच्या कानावर फक्त "डॉक्टरसाहेब चालले" एवढंच आलं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत आम्हा सगळ्यांना हॉलमध्ये गोळा केलं, नारळ हलवला, शाल घातली, कणा मोडला. डॉक्टर भिडस्त, नवे; त्यांना वाटलं इकडची पद्धतच अशी असेल. पंधरवड्याने ते परत आले तर काका दारातच उभे. "तुमी परत आले?" असं त्यांनी अशा आवाजात विचारलं, की डॉक्टर ओशाळून "हो, सॉरी" म्हणाले. पुढे त्यांनी शालही परत आणून दिली. काकांनी ती घडी घालून लॅबच्या कपाटात ठेवली. म्हणाले, "सरकारी पैसा नाई, आपल्या वर्गणीचा हाये. कोणाच्या तरी कामी येईन."

नोकरीला शिव्या घालण्यातही काकांचा हात कोणी धरला नसता. "काय ठेवलं हाये वो सिस्टर या नोकरीत? सकायी उठा, लोकाईचा थुका पाहा. दुपारी लोकाईचं रक्त काढा, लोकं वरून मलेच शिव्या देतात. जवाई इचारते, मामाजी तुमी काय करता, त काय सांगू? थुका पाह्यतो?" सगळ्यात जास्त राग फिनाईलच्या वासावर. आमच्याकडे सफाईला मंदाबाई होती. तिचा हात फिनाईलच्या बाबतीत सढळ, लॅबच्या समोरच्या व्हरांड्यात ती बादली घेऊन आली की काका नाकाला रुमाल लावून ओरडत, "मंदे, मारतं का मले? रिटायर झालो का या वासाचं तोंड पाह्यणार नाई मी!" मंदाबाई म्हणायची, "पाय वर करा." काका बाकावर बसल्या बसल्या दोन्ही पाय वर धरत, ती खालून फरशी पुसायचा फरा मारून जाई, आणि फरशी वाळेपर्यंत काका तसेच बसून तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. हे रोजचंच होतं.

पण एवढ्या शिव्या देणाऱ्या माणसाने स्वतःचा निरोप समारंभ मात्र कितीतरी वर्षं आधीपासून ठरवून ठेवला होता. खुर्ची हातांची हवी, पंख्याखाली हवी. शाल मरून रंगाची. जेवणात पाटोडीची, म्हणजे बेसनाच्या वड्यांची, रस्साभाजी, तिच्यावर बोटभर तर्री. आणि ती आचाऱ्याच्या हातची नाही, काकूंच्या हातची. काकूंच्या पाटोडीबद्दल बोलताना काकांचा आवाज खाली येई, देवळात येतो तसा. दुसरं भाषण माझं. मला वाटलं माझ्यावर माया आहे, तर म्हणाले, "तुमी लवकर संपवता." आणि शेवटचं भाषण ते स्वतःच करणार होते. "माह्यावर बोलाले माह्यासारखा माणूस दवाखान्यात दुसरा कोन हाये?"

त्यांच्या निवृत्तीचं वर्ष उजाडलं आणि त्याच वर्षी कोरोना आला.

ज्या माणसाकडे इतकी वर्षं कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं, त्याला पाहून आता गावच्या गावं पळायला लागली. नाकात काडी घालून स्वॅब घेण्याचं काम काकांकडे आलं. पांढऱ्या किटमध्ये ते आणखीच गोल दिसत. आम्ही सगळेच सारखे दिसायला लागलो, म्हणून पाठीवर मार्करने नावं लिहायची पद्धत पडली. काकांनी मला पाठ दिली आणि म्हणाले, "उरकुडे लिहा. खाली कंसात लिहा, निवृत्ती जवळ." मी लिहिलं. पेशंट वाचून म्हणायचे, "मंग आमाले नका टोचू काका, तुमाले काय फरक पडते आता?"

गिरडच्या बाजूला एका गावात शिबिर होतं तेव्हाची गोष्ट. तिथला किसना पैलवान म्हणजे कुस्तीच्या दंगलीत भल्याभल्यांना लोळवणारा गडी. त्याच्या घराशेजारी एक जण पॉझिटिव्ह निघाला होता, म्हणून याचा स्वॅब घ्यायचा होता. काका काडी घेऊन वळले आणि पैलवान दिसेना. आम्ही पाहतो तर गडी कडुलिंबाच्या शेंड्याला. सरपंचांनी हाका मारल्या, पोलीस पाटलांनी दम दिला. पैलवान वरून म्हणे, "कुस्ती खेयतो, पण नाकात काडी नाई."

उन्हाने आमचं किटमध्ये भरीत होत होतं. काका थोडा वेळ वर बघत राहिले. मग त्यांनी सरपंचांना विचारलं, "माईक हाये का?"

ग्रामपंचायतीचा भोंगा होता. काकांनी माईक हातात घेतला, फुंकर मारली आणि सुरू केलं. "बंधू आणि भगिनींनो, आज आपण किसना पैलवानाले निरोप द्याले जमलो हावो. यायच्यासारखा पैलवान होणे नाई. यायच्या जाण्यानं..." आणि इथे नेहमीचा हुंदका आला, भोंग्यातून साऱ्या शिवारात गेला, "यायच्या जाण्यानं या गावाचा कणा मोडला!"

पैलवानाची म्हातारी आई घरात भाकरी थापत होती. लेकाचा निरोप भोंग्यावर ऐकून ती पिठाच्या हातांनीच ऊर बडवत धावत आली. तो एवढा दांडगा गडी सरसर खाली उतरला आणि तिला कवटाळून ओरडायला लागला, "माय, मी जिता हावो न वो! जिता हावो!" त्याचे दोन्ही हात आईभोवती अडकलेले आहेत, तोंड उघडं आहे, मान वर आहे, हे पाहून काकांनी शांतपणे पुढे होऊन काम उरकलं. अहवाल पुढे निगेटिव्ह आला. परतताना गाडीत काका एवढंच म्हणाले, "भाषण वाया नाई गेलं."

काकांची निवृत्ती महिनाअखेरीला होती. पाच माणसं एकत्र जमू नयेत असा हुकूम होता, त्यामुळे हॉलला कुलूप. आमचे अधीक्षक साहेब भला माणूस, पण नियमाचे पक्के. त्यांनी लांबून हात लांब करून काकांना कागद दिला, काकांनी लांबून हात लांब करून घेतला, आणि मध्ये सॅनिटायझर ठेवलं होतं ते दोघांनी लावलं. झालं. एवढ्या वर्षांची नोकरी अशी हात चोळून संपली. काका रिकाम्या हॉलच्या खिडकीतून आतला पंखा पाहून आले आणि सायकल काढून घरी गेले.

दोन दिवसांनी साहेबांनीच त्यांना बोलावणं पाठवलं. लॅबला माणूस नव्हता. काकांना कंत्राटावर घेतलं. कागदावर निवृत्त, अंगावर किट. काका लगेच साहेबांच्या दारात उभे. "साहेब, मंग माहा निरोप?"

"अहो उरकुडे, जो गेलाच नाही त्याला निरोप कसा द्यायचा?"

"गेलो नाई त आलो कसा? गेलो तवाच त आलो ना!"

साहेब विचारात पडले आणि मग फोन आल्यासारखं करून आत गेले. त्या दिवशी काकांनी पुन्हा मला पाठ दिली. मी नवीन मजकूर लिहिला: उरकुडे, निरोप बाकी. तेव्हापासून रोज किट चढवलं की हेच लिहायचं. जिल्ह्यावरून तपासणीला आलेल्या एका मोठ्या बाईंनी ते वाचून साहेबांना विचारलं, की हा कुठला हुद्दा? साहेबांनी पुन्हा फोन आल्यासारखं केलं.

त्याच सुमारास कुठल्याशा कॉलेजची एक मुलगी आम्हा सगळ्यांना फोन करून प्रश्न विचारत होती. महामारीत आरोग्य कर्मचारी आपल्या कामाबद्दल किती समाधानी आहेत, यावर तिला अभ्यास करायचा होता. मी कंटाळून सगळ्याला तीन-तीन सांगून सुटले. काकांनी फोन स्पीकरवर लावला आणि बाकावर ऐसपैस बसले.

"सर, तुम्ही सध्याच्या कामाबद्दल किती समाधानी आहात? एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे खूप."

"तू कोन्या गावची बाई?"

"सर, अमरावतीची. एक ते पाच..."

"जेवली का?"

"हो सर. एक ते पाच..."

"हे पाय बाई, हे प्लॅस्टिक आंगावर घातलं का आंघोय केल्यावानी घाम येते. लघवीले जाता येत नाई. लोकं मले पाहून पयतात. घरी गेलो त बायको अंगणातच आंघोय कराले लावते, आन् शेजारचे पाह्यतात."

"म्हणजे एक लिहू सर?"

"एक काऊन? काल एका म्हातारीच्या नाकातून काडी काढली, त म्हणे, बाबू, हात हलका हाये तुया. माह्या मायनंबी मले असं म्हटलं नाई कधी."

"मग चार?"

"चार त लय होते."

"सर, मग नेमकं काय लिहू?"

काका गंभीर झाले. "असं कर, माहा निरोप झाला का मंग फोन करजो. निरोपाआधी नोकरीबद्दल कोनी खरं सांगत नाई." मुलीने विचारलं, निरोप कधी आहे? काका म्हणाले, "थेच त माहा प्रश्न हाये," आणि पुढे तिलाच सगळा मेनू सांगितला. मुलगी बिचारी शेवटपर्यंत "हो सर, हो सर" करत राहिली.

दुसरी लाट आली तेव्हा मात्र हसण्यासारखं फार उरलं नाही. ऑक्सिजनच्या खाटा भरल्या. माणसं आमच्यासमोर गेली, आणि ज्यांना न्यायला घरचं कोणी येऊ शकत नव्हतं, त्यांना बांधून अँब्युलन्समध्ये ठेवावं लागे. एका दुपारी मी गेटापाशी कागदावर सही करत होते. गाडीचं मागचं दार उघडं होतं आणि काका तिथे उभे होते, पाठीवर "निरोप बाकी". मला वाटलं काही राहिलं असेल म्हणून मी जवळ गेले. तर काका आत पाहून हळू आवाजात म्हणत होते, "आज दुःखाचा दिवस हाये. यायच्यासारखा माणूस होणे नाई. यायच्या जाण्यानं यायच्या घराचा कणा मोडला." मग त्यांनी हात जोडले आणि दार लावून घेतलं. मी विचारलं, ओळखीचे होते का? म्हणाले, "नाई. पण कोनी त बोलाले पाह्यजे ना." नंतर ड्रायव्हरने सांगितलं, की काका प्रत्येक गाडीपाशी येतात. मला रडू आलं. आणि किटमध्ये रडलं की गॉगलवर वाफ धरते आणि पुसता येत नाही. मी तशीच आंधळ्यासारखी वॉर्डात परत गेले.

आणि मग काका स्वतःच पॉझिटिव्ह आले. स्वतःचा नमुना स्वतः घेतला होता. मला म्हणाले, "हात खरंच हलका हाये वो माहा." दोन दिवसांनी ऑक्सिजन खाली आला आणि ते आमच्याच वॉर्डात, आमच्याच खाटेवर आले.

चार-पाच दिवस काही खरं नव्हतं. काका बोलत नव्हते, आणि उरकुडे काका बोलत नाहीत हे मॉनिटरवरच्या आकड्यापेक्षा जास्त भीतीचं होतं. एका सकाळी मी मास्क नीट करत होते, तर त्यांनी माझं मनगट धरलं. "सिस्टर," म्हणाले, "मले गेटवरचा निरोप नाई पाह्यजे. खुर्चीवरचा पाह्यजे." मी म्हटलं, खुर्चीवरचाच देऊ काका. मी कडक स्वभावाची बाई आहे, पेशंटला उगाच आशा लावत नाही. पण त्या वेळी ते शब्द तोंडातून निघून गेले आणि मग दिवसभर देवाला धमक्या देत फिरले.

देवाने ऐकलं की काकांच्या फुप्फुसांनी, माहीत नाही. हळूहळू ऑक्सिजन वर आला. काका उठून बसले आणि पहिलं वाक्य बोलले ते डोक्यावरच्या पंख्याबद्दल: "तो आवाज करते." मी त्याच पावली साहेबांकडे गेले. म्हटलं, साहेब, आता निरोप द्यायचाच. साहेब म्हणाले, "सिस्टर, पाचच्या वर माणसं जमवता येत नाहीत. मी काय करू?"

व्हरांड्यात मंदाबाई पुसत होती. ती फरा टेकवून म्हणाली, "साहेब, बाहेर पाच जमले त पोलीस येते. वॉर्डात इतके लोकं एका छताखाली बसून हायेत, त्यायले कोन पोलीस पकडाले येते?"

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. साऱ्या जिल्ह्यात माणसं जमवायला मोकळी अशी तेवढी एकच जागा होती आणि ती आमच्या ताब्यात होती. या वेळी त्यांनी फोन आल्यासारखं केलं नाही. "मी राउंडला येईन," ते म्हणाले, "तेव्हा जे चालू असेल ते चालू असेल."

दुसऱ्या दिवशी दुपारी काकांना हातांच्या खुर्चीत, आवाज करणाऱ्या पंख्याखाली बसवलं. सुताचा हार मिळेना, म्हणून मंदाबाईने बँडेजच्या पट्ट्यांचा हार केला. लांबून अगदी सुताचा वाटे. दुकानं बंद होती, तेव्हा शाल लॅबच्या कपाटातली काढली. काकांनी ती बोटांत चोळून पाहिली. "हे त थ्या डॉक्टरची परत आलेली हाये," ते म्हणाले. मग जरा थांबून, "म्हटलं होतं का नाई, कोणाच्या तरी कामी येईन." ड्रायव्हरने नारळ पुढे केला. काकांनी नाकातली नळी सांभाळत तो कानाशी धरला, डोळे मिटले, हलवला. सगळा वॉर्ड श्वास रोखून. आणि त्या वॉर्डात श्वास रोखणं परवडणारं नव्हतं. "हा जमते," काका म्हणाले. ड्रायव्हर किटमध्ये नाचला.

दुसरं भाषण मी केलं आणि लवकर संपवलं. मग कोपऱ्यातल्या खाटेवरून एक दांडगा पेशंट उठला. तो किसना पैलवान होता. या लाटेने त्यालाही गाठलं होतं. म्हणाला, "मले भाषण येत नाई. पण मी झाडावर होतो तवा या माणसानं माहा निरोप केलता. मी मेलो नाई. म्हणून म्हणतो, याचाबी निरोप चांगला दणकून करा, म्हणजे हाबी मरत नाई." या तर्काला वॉर्डाने टाळ्या दिल्या. ज्यांच्या हाताला सलाईन होतं त्यांनी मांडीवर थाप मारली.

शेवटचं भाषण ठरल्याप्रमाणे काकांचं. ते उभे राहिले. "आज आनंदाचा दिवस हाये आणि दुःखाचाबी. माह्यासारखा माणूस होणे नाई. माह्या जाण्यानं..." आणि दम लागला. साहेब दारात उभे होते, त्यांनी हाताने खाली बसा म्हणून खुणावलं. काकांनी आमच्याकडे पाहिलं, बोट वर केलं आणि म्हणाले, "पुढचं तुमाले पाठच हाये." आणि आम्ही सगळ्यांनी, नर्सांनी, ड्रायव्हरने, मंदाबाईने, दारातून साहेबांनीसुद्धा, एका सुरात म्हटलं, "दवाखान्याचा कणा मोडला!" काकांना हुंदका आला नाही. ते एखाद्या परीक्षकासारखी मान हलवत बसले.

मग जेवण. काकूंनी पहाटे उठून केलेली पाटोडी गेटावर मोठ्या डब्यात आली होती, साऱ्या वॉर्डाला पुरेल इतकी. तर्री बोटभर. काकांनी पहिला घास घेतला. चावला. थांबले. दुसरा घेतला. मग माझ्याकडे पाहून हळूच विचारलं, "सिस्टर, यात मीठ हाये?"

मी म्हटलं, आहे ना काका.

"तिखट?"

माझ्या शेजारी मंदाबाईच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, इतकी ती पाटोडी झणझणीत होती. मी मान हलवली. काकांनी वाटी नाकाशी नेली, जोरात हुंगली, आणखी जोरात हुंगली. आणि मग त्यांचा तो हुंदका आला. भाषणात न आलेला, खराखुरा. कितीतरी वर्षं वाट पाहून समोर आलेली पाटोडी, आणि चव नाही, वास नाही. वॉर्डाला वाटलं, काका निरोपाने गहिवरले. पुन्हा टाळ्या झाल्या. काकांनी टाळ्यांना हात जोडले आणि रडत रडत, काकूंना वाईट वाटू नये म्हणून, पूर्ण वाटी संपवली.

काका बरे होऊन आंजीला गेले. वास मात्र परत आला नाही. ते मला फोन करून अहवाल देत. "सिस्टर, कांदा हुंगला, नाई." "लसूण ठेचून नाकाशी धरला, नाई." "काल शेणखताच्या ढिगापाशी बसलो होतो बाप्पा, काहीच नाई. बायको म्हणते, घरात या आता." मी म्हणायची, येईल काका, वेळ लागतो. पुस्तकात तसं लिहिलं आहे, पण कोणाला किती वेळ लागेल ते पुस्तकातही नाही.

पुढच्या हिवाळ्यात ते लशीच्या दुसऱ्या डोससाठी आले. खरं तर आंजीतही लस मिळत होती. पण ते आमच्याकडेच आले, मरून रंगाची नसलेली ती शाल पांघरून. लस घेतली आणि अर्धा तास बसायचं म्हणून लॅबसमोरच्या आपल्या बाकावर येऊन बसले. समोरून मंदाबाई बादली घेऊन आली. तिने फरा पिळला आणि काका एकदम ताठ झाले. नाक वर केलं. डावीकडे हुंगलं, उजवीकडे हुंगलं.

"मंदे," ते ओरडले, "फिनाईल!"

"मंग काय अत्तर टाकू?" मंदाबाई म्हणाली.

मी इंजेक्शनचा ट्रे घेऊन धावत आले. काकांचे डोळे भरून आले होते. "काय घाण वास हाये वो सिस्टर," ते म्हणाले, "काय घाण वास हाये!" आणि पुन्हा एक लांब श्वास ओढून घेतला.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "थे कॉलेजची पोरगी, तिनं केलता का पुन्हा फोन?"

"नाही हो काका."

"केला त सांगजो, उरकुडे म्हणाले चार."

"पाच का नाही?"

"एक पाटोडीचा कापला."

मंदाबाई बाकापाशी पोचली होती. "पाय वर करा," ती म्हणाली. काकांनी दोन्ही पाय वर धरले. मला वॉर्डातून हाक आली, मी गेले. एकाचं सलाईन बदललं, दुसऱ्याच्या नातेवाइकाशी भांडले, आणि परत येताना सहज तिकडे पाहिलं. मंदाबाई केव्हाच पुढच्या व्हरांड्यात गेली होती आणि फरशी वाळून पांढरी झाली होती. काका डोळे मिटून बसले होते, पाय अजून वरच.